पहिला तडा निघाल्यावर

शालू, तू मला फसवलंस.

हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा गैरसमज नको. चिनी मातीच्या कारखान्यात जो माल दुय्यम म्हणून बाजूला काढतात, तो आम्ही खोक्यांनी उचलतो, निवडतो आणि चहाच्या हॉटेलांना विकतो. या धंद्यात मला फसवण्यासाठी सकाळी आंघोळ करून निघालेली माणसं मी रोज बघते. घाटकोपरच्या बाजारात विचारा, ताराबाईंना कोणी गंडवलं का. त्यांच्यातल्या एकालाही जे जमलं नाही ते माझ्या धाकट्या बहिणीला जमलं. तेही माझ्याच गाळ्यात, माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पीत.

तू शिकवायचीस त्या मुलुंडच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या. वार्षिक अंकात तुमच्या बहिणीवर लिहा, म्हणाल्या. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, असं काहीतरी. मी म्हटलं, ते तुमच्या दप्तरात आहे, तिथून उतरवून घ्या. मला तिच्याशी भांडायचं आहे. बाईंनी हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "मग तेच लिहा."

तर लिहिते. भांडण कुठून सुरू झालं ते तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं.

आबांना गिरणीतल्या कापसाने छातीत धरलं आणि ते घरी बसले. त्याआधीच आई गेली होती. जाताना ती तुझ्याकडे, धाकट्या पोरीकडे, बोट करून म्हणाली होती, "तारा, ह्या चेडवाक शिकय हां." मी पाटी डोक्यावर घेतली आणि दारोदार कपबशा विकायला लागले. लग्न, संसार वगैरे विषय मी पाटीखाली ठेवून दिला आणि तो परत काढला नाही. त्याबद्दल कुणाचे आभार नकोत. तू शिकत होतीस, पहिल्या वर्गात येत होतीस, आणि मी रागावले की माझीच नक्कल करून मला हसवत होतीस. माझं भागत होतं.

मरोळला एका शेठचं गोदाम होतं. कॉलेजला सुट्टी होती म्हणून तू माझ्याबरोबर आलीस. आमच्या खरेदीची रीत तुला तिथे पहिल्यांदा दिसली. पेंढ्यात भरलेलं खोकं उघडायचं. घेणाऱ्याने बोट दाखवायचं, हमालाने तिथला कप काढून द्यायचा. कप कानाशी धरून नखाने टिचकी मारायची. खणकन वाजला तर अख्खा, बद्द वाजला तर तडा. असे चार कप काढायचे आणि त्यांच्यावरून सगळ्या खोक्याचा भाव ठरवायचा. काढलेला कप परत आत जाऊ द्यायचा नाही, नाहीतर हमाल तोच एक चांगला कप फिरवून फिरवून तुमच्या हातात देतो.

तुला ही रीत भलतीच आवडली. खोक्यांवर खुणा करायचा खडू उचललास आणि गोदामाच्या फरशीवर बसूनच आकडे मांडायला लागलीस.

"ताई, समज खोक्यात वीस कप आहेत आणि त्यातले पाच तडकलेले. पहिलाच तडकलेला निघायची शक्यता किती?"

"चारात एक."

"बरोबर. आता तो बाहेर ठेवला. दुसराही तडकलेलाच निघायची?"

"तेवढीच."

"तेवढीच कशी? आत उरले एकोणीस, त्यात तडकलेले चार. एकोणिसात चार. कमी झाली ना? दोन्ही लागोपाठ तडकलेले यायची शक्यता एकोणिसात एक. कप परत ठेवला असता तर सोळात एक आली असती. पहिला कप निघाला आणि त्याने दुसऱ्याचं सगळं बदलून टाकलं. ह्यांना अवलंबी घटना म्हणतात."

"म्हणजे पहिला तडकलेला निघाला तर पुढची भीती कमी?"

"हो."

"शाले, तू ह्या धंद्यात आलीस तर आठवडाभरात आपण दोघी रस्त्यावर येऊ."

तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझं पुस्तक फाडलं आहे. मग मी तुला समजावलं. पहिल्या टिचकीला बद्द आवाज आला की मी सावध होते, कारण तडा एकटा येत नाही. खोकं वाटेत कुठेतरी आपटलेलं असतं, नाहीतर भरणाऱ्याने पेंढा वाचवलेला असतो. एक तडा हातात आला म्हणजे आत त्याची भावंडं बसली आहेत असं धरून चालायचं.

"पण तडकलेले पाचच आहेत ना, ताई."

"पाच कोण म्हणालं?"

"गणितात दिलेलं असतं."

"दिलं कोणी? शेठने? शेठ तर शून्य देईल."

गादीवर बसून शेठ हे ऐकत होता. म्हणाला, "ताराबेन, हिला इथेच नोकरीला ठेवा. माझा सगळा माल विकला जाईल."

तुझे कान लाल झाले. बसमध्ये तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. दोन दिवसांनी घरी बांगडे साफ करायला बसलीस आणि मान वर न करता म्हणालीस, "मी चुकलेली नाही."

"मी पण नाही," मी म्हटलं.

ते भांडण मिटलं नाही. आपल्याला ते मिटवायचंच नव्हतं, असं आता वाटतं. कुठल्याही गोष्टीत आपण ते घुसवत होतो. तुला पहिला मुलगा बघायला आला, तो कपाळापासून थेट मानेपर्यंत टकला निघाला. तू म्हणालीस, "बरं झालं, खोक्यातला एक टकला कमी झाला." मी म्हटलं, "स्थळं आणणारी मावशी तीच आहे, पुढचाही टकलाच येणार." आणि पुढचाही आला. चहाचा ट्रे हातात घेऊन तू आत वळलीस आणि स्वयंपाकघरात आपण दोघी तोंडात पदर कोंबून इतकं हसलो की बाहेर आबांना खोकल्याचं सोंग करावं लागलं. तिसरे वसंतराव. डोक्यावर भरपूर केस, औषधाच्या कंपनीत नोकरी, मुलुंडला स्वतःची खोली. तू माझ्या कानात म्हणालीस, "बघ. वाईट संपले."

मी तेव्हाही म्हटलं होतं, वाईट संपत नसतात. पण ते चेष्टेत.

तुझं पहिलं बाळ गेलं तेव्हा चेष्टा नव्हती. मी हॉस्पिटलात पोचले तर तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि वसंतराव म्हणाले, "बाळाच्या गळ्याभोवती नाळ अडकली, ताई." मी विश्वास ठेवला. अशा वेळी कोण टिचकी मारून बघतं? तुला माझ्याकडे विश्रांतीला आणलं. तू एकावर एक उशा रचून जवळजवळ बसूनच झोपायचीस. मी म्हटलं, "हे काय महाराणीसारखं?" तू म्हणालीस, "छतावरच्या पालीवर नजर ठेवते. पडली तर माझ्यावर नको, तुझ्यावर पडू दे." मी हसले. जिना चढताना तू मधल्या पायऱ्यांवर थांबून शेजारणींशी गप्पा मारायचीस. मला वाटलं, मन रमवते आहे. दम गोळा करण्यासाठी थांबतेस हे मला तू कळू दिलं नाहीस. काय कसब होतं ग तुझं. इतकं कसब मालावर पेंढा पसरणाऱ्या एकाही व्यापाऱ्यात मी बघितलं नाही.

आणि मग ती दुपार. शाळा सुटल्यावर तू घाटकोपरला उतरून थेट गाळ्यावर आलीस. स्टूल ओढलंस, चहा मागितलास, आणि पुन्हा दिवस गेल्याचं सांगितलंस. मी हातातला कप खाली ठेवला.

"इतक्यात?" मी म्हटलं. "अंग भरून आलं नाही अजून तुझं. डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, काही हरकत नाही."

"शाले, एकदा बिघडलंय. एकदा बिघडलं की मी सगळं खोकं संशयात धरते, तुला माहीत आहे."

तू हसलीस. "नाळ अडकणं हा अपघात, ताई. वाईट होतं ते निघून गेलं. आता आत त्यातलं एक कमी."

"हे तुझ्या पुस्तकातलं झालं."

"मग आज एकदा पुस्तक खरं धर ना. इतकी वर्षं मी तुझं ऐकून घेतलं."

मी तुझ्या आवाजाकडे कान दिला होता. त्यात कुठेही बद्द काही नव्हतं. तू चहा पीत होतीस, तुझ्या कपाळावर शाळेतल्या खडूची भुकटी होती, आणि तू इतकी आनंदात होतीस की मला भाव पाडवेना. मी बाजारात कुणाला दमडीची सूट देत नाही. त्या दिवशी मी तुला अख्खा वाद देऊन टाकला. वर म्हटलं, "ठीक आहे बाई, जिंकलीस." तू टाळी वाजवलीस. घरात लहान मूल येणार म्हणून मीही सुखावले होते, आणि त्या सुखापुढे मला वाद नको होता.

पुढचं मी फार लिहिणार नाही. तू गेलीस त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "लहानपणी हिला सांधे सुजून ताप आला होता का?" आला होता. तू परकर-पोलक्यात होतीस. गुडघे सुजले होते, आईने तेल चोळलं, ताप उतरला, आपण विसरलो. बाई म्हणाल्या, त्या तापाने हृदयाची झडप आकसते. एरवी निभावून जातं, पण बाळंतपणाचा भार तिला झेपत नाही. मागच्या वेळी हिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, त्यातच बाळ गेलं. "नाळ नव्हती?" मी विचारलं. बाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले. "कसली नाळ? मी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, की पुन्हा नको. पहिल्यापेक्षा दुसऱ्याला धोका जास्त आहे. तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी?"

मी वसंतरावांकडे बघितलं. ते उठून बाहेर गेले.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्यांची कॉलर धरली. लोक बघत होते, बघू देत. ते म्हणाले, "ताई, तिने मला शपथ घातली होती. म्हणाली, ताईला कळलं तर ती एका बैठकीत माझं मन वळवेल. आजवर ती भाव पाडल्याशिवाय कुठून उठलेली नाही. आणि मला मन वळवून घ्यायचं नाही."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी नको म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. मग तिचं ऐकता ऐकता मलाही वाटायला लागलं, की होईल नीट."

मी कॉलर सोडली. माफ केलं म्हणून सोडली नाही. ते इतके हलके लागत होते, हातात नुसता शर्ट असावा तसे, म्हणून सोडली.

तू मला बरोबर ओळखलं होतंस. मी तुझं मन वळवलंच असतं. ओरडले असते, रडले असते, तुझ्या दारात उपाशी बसले असते, डॉक्टरीणबाईंना हाताला धरून तुझ्या सासूबाईंसमोर उभं केलं असतं. अनाथाश्रमातून मूल आणू म्हटलं असतं आणि तू नाही नाही म्हणत असताना जाऊन बघूनही आले असते. तू हरली असतीस आणि माझा द्वेष केला असतास. दिवाळीला आली नसतीस. भाऊबीजेला भाऊ नाही म्हणून तू मलाच ओवाळायचीस, तेही बंद केलं असतंस. चाललं असतं मला. न बोलणाऱ्या बहिणीचीही साडी गॅलरीत वाळत घातलेली दिसते. मी मुलुंडला कामाशिवाय गेले असते, समोरच्या फुटपाथवरून ती साडी बघितली असती आणि परत आले असते. ह्या भावात मी आनंदाने सौदा केला असता. तू मला विचारलंच नाहीस.

तुझं तेरावं झाल्यावर तुझ्या वर्गातल्या मुली भेटायला आल्या. बिचाऱ्या दाराशीच घोटाळत होत्या. त्यातल्या एकीने, घट्ट दोन वेण्या घातलेल्या, मला विचारलं, "खोक्यावाल्या ताई तुम्हीच का?"

मला कळेना. "कोण म्हणतं असं?"

"बाई म्हणायच्या. शक्यता शिकवताना दर वर्षी ताईचं खोकं असायचं. आमच्या पुढच्या वर्गालाही तेच शिकवलं होतं."

"काय शिकवायच्या?"

तिने मैत्रिणीकडे बघितलं, मग परीक्षेत म्हणतात तसं म्हणून दाखवलं. "पहिला कप तडकलेला निघाला तर आधी विचारायचं, आत एकंदर तडकलेले किती आहेत ते आपल्याला ठाऊक आहे का. ठाऊक असेल तर एक बाहेर आला, पुढचा धोका कमी झाला. ठाऊक नसेल तर पहिला कप ही खोक्याची बातमी असते, पुढचा धोका वाढला असं धरायचं. दोन्ही ठिकाणी पहिल्यामुळे दुसरं बदलतं, पण उलट्या दिशांना. त्यांची गल्लत करायची नाही." मग थांबून म्हणाली, "बाई म्हणायच्या, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. माझ्या ताईने मरोळच्या गोदामात शिकवलं, आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते."

मी आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

म्हणजे तू कबूल केलं होतंस, शालू. वर्गावर वर्ग बसवून, फळ्यावर लिहून कबूल केलं होतंस. घाटकोपर ते मुलुंड असं किती लांब होतं ग? एकदा गाळ्यावर येऊन म्हणाली असतीस, ताई, तू म्हणत होतीस त्यात तथ्य आहे, तर मी काय डोक्यावर बसले असते? बसले असते म्हणा. वर्षभर सगळ्या बाजाराला सांगत सुटले असते, की माझी बहीण, एवढी शिकलेली, तिला मी गणित शिकवलं. त्याऐवजी परक्या मुलींना माझं खोकं माहीत आहे आणि मला त्यांच्याकडून कळतं आहे. तुझ्या शाळेतली ती मुलं मोठी होतील, कुणी डॉक्टर होईल, कुणी बँकेत जाईल, आणि त्यांच्या डोक्यात कुठेतरी माझं एक खोकं असेल. ही देणगी तू मला देऊन ठेवली होतीस आणि मी तुला नुसती चिडवत राहिले, की पुस्तकात दिलेलं असतं ते दिलं कुणी. तुझे उपकार मी कुठल्या तोंडाने मानू, आणि ते मानताना तुझा गळा कसा धरू, दोन्ही एकदम करायची वेळ तू माझ्यावर आणली आहेस.

कारण त्या मुलीने म्हणून दाखवलं आणि मला हेही कळलं, की त्या दुपारी गल्लत तू अजाणता केली नाहीस. कुठलं गणित कुठे लागतं हे तुला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. आत काय आहे ते डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं होतं. पहिल्या बाळाने तुझ्या हृदयाची बातमी आणून दिली होती, आणि तू मला नाळेची गोष्ट सांगून उलट्या दिशेचा हिशेब वाचून दाखवलास.

तुझी मुलगी बरी आहे. सध्या तिला मीच बघते. रडायला लागली की अख्खी चाळ जागी करते, म्हणजे गुण माझे आले आहेत. तुझ्या सासूबाई परवा तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "देवाने एक नेलं, एक दिलं." मी म्हटलं, "असला व्यवहार मी मुंबईत कुणाशी केलेला नाही, देवाशीही करणार नाही. मला दोन्ही हवी होती." त्या रागावून आत गेल्या. वाईट नाहीत त्या, त्यांनाही दुसरं काही सुचत नाही. मुलीवर माझा राग नाही. तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ती माझं बोट धरते तेव्हा मला क्षणभर वाटतं की तू केलंस ते ठीक केलंस, आणि मग मला स्वतःचाच इतका संताप येतो की तिला खाली ठेवावं लागतं.

तू मला फसवलंस हे नक्की झालं. ते मी बाजारात चारचौघांत सांगेन. पण एक गोष्ट मला वसंतराव सांगू शकत नाहीत, डॉक्टरीणबाई सांगू शकत नाहीत, त्या मुलींना तर माहीतच नाही. "वाईट होतं ते निघून गेलं," असं तू माझ्या गाळ्यात म्हणालीस, ते फक्त माझ्यासाठी होतं, की तूही त्यावर विश्वास ठेवला होतास? ठेवला असशील तर ते सगळे महिने तू सुखात होतीस, बाळाची स्वेटरं विणत होतीस, आणि मला तेवढ्यावर दिवस काढता येतील. ठेवला नसशील तर तू सगळं जाणून, रोज जिना चढून, रोज फळ्यासमोर उभी राहून, रविवारी माझ्याकडे जेवायला येऊन हसत होतीस, आणि इतक्या मोठ्या भीतीत एकटी होतीस. मी चार-पाच स्टेशनं अलीकडे होते, आणि तू मला शेजारी बसू दिलं नाहीस.

यातलं कुठलं, शालू? मी रागावणार नाही. रागावेन, पण तरी सांग. ह्याचा जबाब वसंतरावांनी दिलेला मला चालणार नाही, देवाने दिलेला चालणार नाही. तू द्यायचास. मी विचारते आहे. बोल.